पाणवठ्यावरचे टँकर

युक्रेनमधल्या ट्रिपलगँगर्स या कंपनीत सात माणसं काम करतात. खऱ्या माणसांचे चहूबाजूंनी फोटो काढायचे, त्यांवरून त्रिमितीय प्रतिमा बनवायच्या आणि त्या व्हिडिओ गेम करणाऱ्यांना, चित्रकारांना विकायच्या, हा त्यांचा धंदा. २०२५ च्या जानेवारीतल्या एका शनिवारी त्यांची वेबसाइट बसली. आधी वाटलं, कुणीतरी मुद्दाम हल्ला केलाय. सर्व्हरच्या नोंदी चाळल्या तेव्हा कळलं, हा हल्लेखोर म्हणजे एक अधाशी वाचक होता. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचा बॉट, म्हणजे आपोआप पानं वाचत फिरणारा प्रोग्रॅम, सुमारे ६०० आयपी पत्त्यांवरून येऊन पानामागून पान उचलत होता. साइटवर ६५,००० वस्तू, प्रत्येकीचं स्वतंत्र पान, पानावर किमान तीन फोटो, आणि सोबत वय, वर्ण, गोंदण, व्रण अशी बारीक माहिती. यंत्राला शिकवायचं तर असा नीट लावलेला माल शोधून सापडणार नाही.

परवानगीशिवाय फोटो घेऊ नयेत, असं साइटच्या अटींत लिहिलेलं होतं. पण अटी वाचायच्या त्या माणसांनी. बॉट अटींचं पान वाचत बसत नाही. तो वाचतो, म्हणजे वाचलीच तर, रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची एक चिमुकली फाइल, आणि ती या कंपनीनं नीट लिहिलेली नव्हती. बुधवारपर्यंत फाइल लिहून झाली, बॉट अडवणारी सेवा घेऊन झाली. नेलं ते नेलंच. वर सर्व्हरच्या वाढीव वापराचा खर्चही यजमानाच्याच माथी.

या फाइलची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९४ साली वेब रांगत होतं, आणि तेव्हाही काही बेलगाम क्रॉलर एकेका सर्व्हरला दमवून सोडायचे. क्रॉलर म्हणजे एका पानावरचे दुवे धरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर फिरत जाणारा आणि वाटेत दिसेल ते उतरवून घेणारा प्रोग्रॅम. त्या जाचातून जाणाऱ्या मार्टाइन कोस्टर या अभियंत्यानं एक साधी तोड सुचवली. प्रत्येक साइटनं आपल्या उंबऱ्यावर एक मजकुराची फाइल ठेवावी. एका ओळीत बॉटचं नाव, दुसऱ्या ओळीत त्यानं कुठं येऊ नये ते. ओपनएआयच्या जीपीटीबॉटला आज पूर्ण बंदी करायची तरी एवढंच करावं लागतं: पहिल्या ओळीत त्याचं नाव, दुसऱ्या ओळीत 'डिसअलाउ' आणि पुढं एक तिरकी रेघ.

पण ही फाइल कुणालाच अडवत नाही. दारावर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी लावावी आणि कुत्रा पाळूच नये, तशातला प्रकार. २०२२ मध्ये या पद्धतीला अधिकृत मानकाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्या दस्तऐवजातच स्पष्ट केलं गेलं की हे नियम म्हणजे प्रवेशाचा परवाना देणारी किंवा नाकारणारी व्यवस्था नाही. पाटी पाळणाऱ्यानं पाळली की ती चालते. आयफिक्सिट ही वस्तू दुरुस्त कशा करायच्या ते शिकवणारी साइट. २०२४ च्या जुलैमध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीच्या बॉटनं तिथं २४ तासांत जवळपास दहा लाख वेळा धडका मारल्या. साइटवाल्यांनी फाइलीत ओळ घातल्यावर तो थांबला. म्हणजे पाटी चालली. मात्र ती लावायची वेळ येईपर्यंत दहा लाख फेऱ्या झालेल्या होत्या.

तीस वर्षं ही पाटी बऱ्यापैकी चालली याचं कारण माणसांचा चांगुलपणा नसून व्यवहार होता. गूगलनं पानं उचलायची, सूची बनवायची आणि बदल्यात वाचक पाठवायचे. वाचक आले की जाहिराती, वर्गणी, निदान नाव तरी. म्हणून साइटवाले बॉटचं आगतस्वागत करत, तो आला नाही तर उलट काळजीत पडत. एआयनं हा सौदा मोडला. उत्तर चॅटबॉटच्या खिडकीतच मिळतं, मग मूळ पानावर जातो कोण? क्लाउडफ्लेअर या कंपनीनं २०२५ च्या जूनचे जे आकडे दिले त्यानुसार गूगल सुमारे १४ पानं चाळल्यावर एक वाचक परत पाठवत होतं, ओपनएआय १,७०० पानांमागे एक, तर अँथ्रॉपिक ७३,००० पानांमागे एक. क्लाउडफ्लेअर बॉट अडवण्याचीच सेवा विकते, तेव्हा हे आकडे थोडे डोळे किलकिले करून वाचावेत. पण कितीही किलकिले केले तरी १४ आणि ७३,००० मधली दरी बुजत नाही.

खर्चाचा हिशेब सगळ्यांत उघडपणे मांडला तो विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं. विकिपीडियाचा मजकूर कुणीही न्यावा, वापरावा, विकावासुद्धा. अट इतकीच की श्रेय द्यावं आणि त्यावर बेतलेलं काही केलं तर तेही तसंच खुलं ठेवावं. म्हणजे इथं चोरीचा प्रश्न येत नाही. तरीही २०२५ च्या एप्रिलमध्ये संस्थेनं सांगितलं की जानेवारी २०२४ पासून चित्रं आणि व्हिडिओ उतरवून घेण्यासाठी लागणारी बँडविड्थ ५० टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ बहुतांशी माणसांमुळे नाही. पानं पाहणाऱ्यांत बॉटांचा वाटा ३५ टक्के, पण सर्वांत महागड्या रहदारीत मात्र ६५ टक्के.

हे असं का होतं, हे समजायला एखाद्या जुन्या वाचनालयात डोकवावं. ज्या पुस्तकांना रोज मागणी असते ती ग्रंथपाल हाताशी, काउंटरजवळ ठेवतो. विकिपीडियाही लोकप्रिय पानांच्या प्रती जगभरच्या जवळच्या केंद्रांवर ठेवते. तिथून देणं स्वस्त पडतं. माणसं बहुधा तीच पानं मागतात. बॉट मात्र कपाट क्रमांक एकपासून सुरुवात करतो आणि दहा वर्षांत कुणी न मागितलेलं पुस्तकही मागतो. प्रत्येक वेळी कुणीतरी मागच्या खोलीत जाऊन धूळ झटकून ते आणायचं. ओंजळभर पाणी प्यायला आलेल्या वाटसरूला कुठलाच गाव अडवत नाही. त्याच पाणवठ्यावर टँकरची रांग लागली, की पाणी कुणाचं आणि रहाट दुरुस्त कुणी करायचा, हे प्रश्न निघतातच.

मग कायदा काय म्हणतो? इथं बहुतेक चर्चांमध्ये दोन वेगळे प्रश्न एकमेकांत कालवले जातात. आत आलात हा गुन्हा आहे का, हा एक. आणि जाताना जे नेलंत त्यावर तुमचा हक्क होता का, हा दुसरा.

पहिल्याचं सर्वांत गाजलेलं उत्तर अमेरिकेत मिळालं. हायक्यू लॅब्स ही छोटी कंपनी लिंक्डइनवरची खुली प्रोफाइलं खरवडून काढायची, म्हणजे स्क्रेप करायची, आणि त्यांवरून कंपन्यांना सांगायची की तुमचा कोणता कर्मचारी नोकरी सोडण्याच्या बेतात आहे. (माणसानं नव्या नोकरीच्या आशेनं प्रोफाइल सजवावं आणि चुगली जुन्या साहेबाकडे व्हावी!) २०१७ मध्ये लिंक्डइननं नोटीस धाडली, हायक्यूच कोर्टात गेली. मुद्दा होता १९८६ च्या संगणक-घुसखोरीविरोधी कायद्याचा. हाच तो कायदा, ज्याखाली जेस्टोर या शोधनिबंधांच्या साठ्यातले निबंध मोठ्या संख्येनं उतरवून घेतल्याबद्दल आरोन स्वार्ट्झ या तरुण प्रोग्रॅमरवर खटला भरला गेला आणि २०१३ च्या जानेवारीत, खटला उभा असतानाच, वयाच्या २६ व्या वर्षी त्यानं जीवन संपवलं.

नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ च्या एप्रिलमध्ये हायक्यूच्या बाजूनं कौल दिला. ज्या पानाला पासवर्डच नाही तिथं 'परवानगीविना प्रवेश' ही कल्पनाच बहुधा लागू होत नाही, असं त्याचं सार. इंटरनेटवर जल्लोष झाला: स्क्रेपिंग कायदेशीर! जल्लोष करणाऱ्यांनी पुढची पानं उलटली नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खालच्या न्यायालयानं म्हटलं की हायक्यूनं लिंक्डइनबरोबरचा वापरकर्त्याचा करार मोडला आहे. बनावट खाती उघडणारी माणसंही कामाला लावली होती. डिसेंबरमध्ये पाच लाख डॉलरच्या निवाड्यावर प्रकरण मिटलं. खुली पानं पाहिल्याबद्दल घुसखोर ठरली नाही, पण शेवटी हरली.

कराराचा हा मुद्दाही सरळ नाही. २०२४ मध्ये फेसबुकच्या मालक मेटानं ब्राइट डेटा या डेटा गोळा करणाऱ्या कंपनीवर लावलेला दावा कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीशांनी टिकू दिला नाही. लॉग-इन न करता, बाहेरून दिसतं तेवढंच उचललं असेल तर मेटाच्या अटी त्याला बांधत नाहीत, असं ते म्हणाले. लॉग-इन केलं की तुम्ही पाहुणे, आणि पाहुण्याला घरचे नियम लागू. रस्त्यावरून जाताना दिसलं ते दिसलं.

दुसरा प्रश्न, नेलेल्या मालाचा, जास्त गुंतागुंतीचा आहे. कॉपीराइट वस्तुस्थितीला मिळत नाही, मांडणीला मिळतो. भरल्या वांग्याची कृती घ्या. वांगी पाव किलो, दाण्याचं कूट अर्धी वाटी, गोडा मसाला दोन चमचे: ही यादी कुणाच्या मालकीची नाही. पण तीच कृती सांगताना लेखिकेनं आजीच्या चुलीची आठवण काढली, कूट किती भरड असावं ते तिच्या खास शब्दांत सांगितलं, तर ते शब्द तिचे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात हीच रेघ ओढली. न्यायालयांचे निकाल छापून विकणाऱ्या प्रकाशकाचा मजकूर दुसऱ्यांनी सीडीवर घातला होता. न्यायालय म्हणालं, निकालपत्राचा मूळ मजकूर सर्वांचा. पण संपादकानं कौशल्य वापरून पाडलेले परिच्छेद आणि घातलेल्या टिपा त्याच्या. नुसती मेहनत पुरेशी नाही, किमान काही सर्जक बुद्धी चाललेली हवी.

एआय कंपन्यांचं म्हणणं असं की मॉडेल मजकूर साठवत नाही, त्यातून भाषेच्या लकबी शिकतं. मांडणी उचलतच नाही. न्यायालयं यावर अडखळतच चालली आहेत. २०२५ च्या जूनमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एकाच न्यायालयातल्या दोन न्यायाधीशांनी दोन दिवसांच्या अंतरानं निकाल दिले. अँथ्रॉपिकच्या खटल्यात न्यायाधीश ऑल्सप म्हणाले, पुस्तकांवर मॉडेल शिकवणं हा न्याय्य वापर आहे, म्हणजे त्याला मालकाची परवानगी लागत नाही, मात्र चाच्यांच्या साठ्यांतून लाखो पुस्तकं उतरवून ग्रंथालय उभारणं हा नव्हे. मेटाच्या खटल्यात न्यायाधीश छाब्रिया यांनी निकाल कंपनीच्या बाजूनं दिला खरा, पण सोबत बजावलं की यंत्रानं ओतलेल्या मजकुरानं लेखकांची बाजारपेठच बुडत असेल तर बहुतेक प्रकरणांत हा बचाव टिकणार नाही. अँथ्रॉपिकनं पुढं दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. सुमारे पाच लाख पुस्तकं, प्रत्येकी साधारण ३,००० डॉलर. तिथं वाद पुस्तकांचा होता, वेबपानांचा नव्हे. पण माल कुठून आणला हे न्यायालय विचारतं, ही गोष्ट स्क्रेपिंग करणाऱ्यांनी गाठीला बांधली असणार.

अमेरिकेबाहेर पाहिलं तर जपाननं कॉपीराइट कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनं दार जवळजवळ सताड उघडलं: वाचनाचा आनंद घेण्यासाठी नसून विश्लेषणासाठी प्रत काढत असाल तर काढा, मालकाच्या हिताला अवाजवी धक्का लावू नका म्हणजे झालं. युरोपीय संघानं २०१९ च्या निर्देशात मधला मार्ग काढला. मालकानं यंत्राला वाचता येईल अशा रीतीनं 'नको' म्हटलं नसेल तर घेता येतं. त्या कोस्टरच्या पाटीला युरोपात असा अचानक कायद्याचा आधार मिळाला.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ अक्षरशः वाचलं तर संगणकाच्या मालकाच्या परवानगीवाचून डेटा उतरवणं, त्याची प्रत काढणं हे नुकसानभरपाईला पात्र आहे. म्हणजे अमेरिकेपेक्षा आपला कायदा शब्दांनी कडक. कॉपीराइट कायदाही अमेरिकेसारखा ऐसपैस 'न्याय्य वापर' मानत नाही; कलम ५२ मध्ये खासगी वापर व संशोधन, समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन अशा मोजक्या खिडक्या आहेत. यंत्राचं शिक्षण त्यातल्या कोणत्या खिडकीतून आत येतं, हाच दिल्ली उच्च न्यायालयातल्या एएनआय विरुद्ध ओपनएआय खटल्याचा गाभा. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेनं तो दाखल केला. ओपनएआयचं एक उत्तर असं, की आमचे सर्व्हर भारतात नाहीत. दुसरं, की एएनआयची साइट आम्ही केव्हाच वगळली आहे. यावर एएनआयचं म्हणणं मोलाचं आहे: आमच्या बातम्या आमच्याच साइटवर थोड्याच असतात! वर्गणीदार वर्तमानपत्रं त्या छापतात, त्यांच्या साइटवर त्या पसरलेल्या असतात. आमचं एक दार बंद करून काय उपयोग?

हा मुद्दा मराठी वाचकाला पटकन कळावा. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०६० अखेर शाबूत आहे. पण त्यांचे लेखच्या लेख उतरवून टाकलेले ब्लॉग थोडे नाहीत. तिथं उंबऱ्यावरची पाटी ब्लॉगवाल्याची, आणि तो ना लेखक, ना वारस, ना प्रकाशक. त्यानं बॉटला 'या' म्हटलं तर त्या 'या'ला काय किंमत? 'सार्वजनिक' या शब्दात कुणालाही दिसणारं आणि कुणाचंही नसलेलं, असे दोन अर्थ मिसळलेत.

माणसांच्या माहितीबाबत तर हा घोळ जीवघेणा होतो. क्लिअरव्ह्यू एआय या कंपनीनं वेबवरून चेहऱ्यांचे तीन अब्जांहून जास्त फोटो गोळा केल्याचं २०२० मध्ये उघड झालं. ती पोलिसांना चेहरा ओळखून द्यायची. इटली, फ्रान्सनं प्रत्येकी दोन कोटी युरोचा, नेदरलँड्सनं २०२४ मध्ये ३ कोटी ५ लाख युरोचा दंड ठोठावला, कारण युरोपात उघड्यावरची वैयक्तिक माहितीही वैयक्तिकच राहते. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं उलटी वाट धरली: जी माहिती माणसानं स्वतः सार्वजनिक केली तिला हा कायदाच लागू नाही. लग्नाचा अल्बम फेसबुकवर सर्वांसाठी खुला ठेवणाऱ्या मावशींना हे कुणी सांगितलंय? आणि दर वेळी माणसानं स्वतःच टाकलेलं असतं असंही नाही. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चित्रकर्तीला एआयला शिकवण्यासाठीच्या लायन या चित्रसंचात स्वतःच्या चेहऱ्याचे, डॉक्टरांनी उपचारासाठी काढलेले फोटो सापडले. डॉक्टर हयात नव्हते. ते फोटो वेबवर आले कसे, हेच तिला ठाऊक नव्हतं.

आता कुंपणं उभी राहताहेत. क्लाउडफ्लेअरनं जुलै २०२५ पासून नव्या साइटसाठी एआय बॉट मुळातच अडवायला सुरुवात केली आणि पैसे भरा, पान न्या अशी सोय काढली. त्यासाठी वेबच्या सुरुवातीपासून राखून ठेवलेला, पण क्वचितच वापरलेला ४०२ हा संकेत धूळ झटकून बाहेर काढला. त्याचा अर्थ 'पैसे भरणं आवश्यक'. कुंपण आलं की उड्या मारणारेही आले. प्रश्नांची उत्तरं शोधून देणाऱ्या पर्प्लेक्सिटी या एआय सेवेचा बॉट अडवला की साध्या क्रोम ब्राउझरचं सोंग घेऊन येतो, असा आरोप क्लाउडफ्लेअरनं केला. पर्प्लेक्सिटीनं तो फेटाळला आणि म्हटलं, आम्ही साठवायला येत नाही, एका माणसानं प्रश्न विचारला म्हणून त्याच्या वतीनं पान पाहायला येतो. हा युक्तिवाद सहज झटकून टाकता येणारा नाही. अंध माणसाला पान वाचून दाखवणारा प्रोग्रॅमही त्याच्या वतीनंच येतो.

आणि मराठीपुरती या कुंपणांची एक वेगळीच अडचण आहे. कॉमन क्रॉल ही २००७ पासून वेब गोळा करून फुकट देणारी ना-नफा संस्था. जीपीटी-३ च्या शिक्षणाच्या मिश्रणात तिच्या मजकुराचं वजन ६० टक्के होतं. तिच्या साठ्यात इंग्रजी चाळीस टक्क्यांच्या वर आहे. मराठीचा वाटा एका टक्क्याच्या दहाव्या भागाइतकाही भरत नाही. पुण्याच्या एल३क्यूब गटानं २०२२ मध्ये महाकॉर्पस हा मराठी वाक्यांचा संच खुला केला: २ कोटी ४८ लाख वाक्यं, तीही बातम्यांच्या आणि इतर साइटवरून खरवडूनच मिळवलेली. अशा कामाशिवाय यंत्राचं मराठी 'मी तुमची मदत करण्यासाठी येथे आहे' छापाच्या पुढं जाणं कठीण. इंग्रजीतली हजार वर्तमानपत्रं बंद झाली तरी साठा उरतो. मराठीतल्या पाच मोठ्या साइटनी दारं लावली तर खळंच रिकामं. शिवाय टँकर परतवण्यासाठी घातलेलं कुलूप विद्यापीठातल्या संशोधकाच्या घागरीलाही अडवतं.

केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीनं डिसेंबर २०२५ मध्ये यावर एक मसुदा पुढं ठेवला. एआय कंपन्यांना कायदेशीररीत्या मिळवलेला सगळा मजकूर वापरायचा सरसकट परवाना द्यावा, मालकाला नाही म्हणता येणार नाही, पण उत्पन्नातून मानधन मिळेल आणि एक मध्यवर्ती संस्था ते वाटेल. रेडिओवरच्या गाण्यांसाठी कायद्यात जशी वैधानिक परवान्याची सोय आहे, त्याच वळणाची. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांची संघटना असलेल्या नॅसकॉमनं असहमती नोंदवली. पण मानधन पोचणार कसं? चित्रपटगीतं लिहिणाऱ्यांची मानधन गोळा करणारी संस्था आहे, पंधरा वर्षं पाककृतींचा ब्लॉग लिहिणाऱ्या बाईंची नाही. त्यांच्या साइटच्या नोंदवहीत रात्रीतून उमटलेल्या ओळींवर बॉटचं नाव, 'भरली वांगी' या पानाचा पत्ता आणि शेवटी संकेत असतो. तो ४०२ नसतो. २०० असतो, सर्व्हरच्या भाषेत त्याचा अर्थ, मागितलं ते दिलं.